वेरोनिकाच्या नावाची चिठ्ठी

हुकगोल या डोंगरातल्या खाणगावच्या चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी फिलसुन चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडायची. नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, आणि बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी. ती घेऊन चर्चमध्ये यायचं, फादरच्या कानात पापं सांगायची आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. ऑफिसातली सेसिलिया मग त्या चिठ्ठ्या वहीशी ताडून बघायची. ओळीनं तीन वर्षं ज्याची चिठ्ठी आली नाही त्याच्या नावापुढे 'थंडावला' असा शेरा पडायचा. देवाच्या दारात हजेरी कसली घेता, असं शहरातले पाहुणे हसून विचारतात. त्यांना म्हणावं, एक अख्खा डिसेंबर या डोंगरात काढून बघा. हजेरी नसती तर निम्मं गाव घरातली खालून शेकलेली गरम जमीन सोडून उठलं नसतं.

फिलसुन बहात्तर वर्षांची होती. बाप्तिस्म्याचं नाव आगाथा, म्हणून चर्चमध्ये सगळ्यांची आगाथाताई. वरच्या आळीची प्रमुख ती सव्वीस वर्षं होती, कारण दुसरं कोणी ते काम अंगावर घ्यायला तयार नव्हतं. एकेक खाण बंद पडत गेली तशी आळी रिकामी होत गेली. पूर्वी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात मावायचा नाही, आता एकोणीस उरल्या होत्या. तरी वाटायला ती दोन दिवस लावायची, कारण प्रत्येक दारात तिला दोन शब्द ऐकायचे असत आणि चार ऐकवायचे असत.

"आगाथाताई, मागच्या वर्षीचीच पापं आहेत हो. तीच धरा म्हणावं फादरना," कोपऱ्यावरचा म्हातारा म्हणायचा.

"नवीन करायला अंगात जोर कुठे उरलाय तुमच्या? या गुपचूप, आणि पिऊन येऊ नका. गेल्या खेपेला फादरनाच चढली होती तुमच्या वासानं."

चिठ्ठ्यांखेरीज तिचं आणखी एक काम होतं. आळीत कोणी गेलं की चर्चच्या चार बायका जाऊन प्रेताला आंघोळ घालायच्या, कपडे चढवायच्या, उशाशी बसून प्रार्थना गायच्या. त्यांत फिलसुन पुढे. फुफ्फुसात कोळसा भरून गेलेले किती पुरुष तिच्या हाताखालून गेले, त्याची मोजदाद तिनं ठेवली नाही. नखांतला काळा कण ती काडीनं काढायची, आणि निघत नसला तरी काढत राहायची. असं जिचं आयुष्य, तिच्या मनात शांती असणारच, असं लोक धरून चालायचे. धरून चालायला कोणाचं काय जातं?

एकोणिसावी चिठ्ठी नेहमी शेवटी. ती शेजारच्या गुमजाची.

गुमजाचं बाप्तिस्म्याचं नाव वेरोनिका. अडतीस वर्षं ती चर्चची पायरी चढली नव्हती. 'थंडावली' हा शेरासुद्धा आता वहीत जुना झाला होता. तरी नाव खोडलेलं नव्हतं, म्हणून दर वर्षी चिठ्ठी निघायची आणि दर वर्षी फिलसुन ती भिंतीपलीकडे घेऊन जायची. एका वर्षी गुमजानं ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली, एका वर्षी तिच्यावर कोबीचं बी वाळवलं.

या वर्षी तिनं चिठ्ठी हातातही घेतली नाही. हिवाळ्यासाठी कोबीची आंबट-तिखट किमची घालायचे दिवस होते. ती अंगणात पाटावर बसून कोबीला मीठ चोळत होती. ओठ निळसर दिसत होते. हृदय थकलंय, या हिवाळ्यात जपा, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं.

"ताई, ते तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "माझे हात खारट आहेत."

"एकदा येऊन तर बघ. नवीन फादर चांगला आहे. पोरगेला आहे, रागवत नाही."

"मी काय सांगू त्या पोराला? नवऱ्याला उठवून मरायला धाडलं, असं सांगू? जेवण जाणार नाही त्याला." ती हसली आणि पुन्हा कोबीकडे वळली. "तू जाऊन ये. तुझी पापं म्हणजे काय, लसणीच्या पाकळ्या. सोलल्या की संपल्या."

फिलसुननं चिठ्ठी कोटाच्या खिशात सरकवली, स्वतःच्या चिठ्ठीशेजारी. नेहमीसारखीच ती भिंतीला वळसा घालून घरी आली.

आता ते सांगायलाच हवं. अडतीस वर्षांपूर्वी, अशाच आगमनकाळात, दुसऱ्या मेणबत्तीच्या आठवड्यात, फिलसुनचा नवरा सांगबे पहाटे घामानं थबथबून उठला. त्याला स्वप्न पडलं होतं. त्याची मेलेली आई भाताचा वाडगा पुढे करून त्याला जेवायला बोलावत होती, आणि तो पाटावर बसला होता. खाणीच्या गावात अशा स्वप्नाला कोणी हसत नसे. असं स्वप्न पडलेला माणूस त्या दिवशी खाली उतरायचा नाही, आणि मुकादमही डोळेझाक करायचा. पण त्या महिन्यात कोळसा कमी पडला होता. जो येणार नाही त्यानं बदली माणूस द्यायचा, नाहीतर कायमचं घरी बसायचं, असं मुकादमानं बजावलं होतं.

सांगबे बूट हातात धरून उंबऱ्यावर बसून राहिला. "इलदोला आज सुट्टी आहे," एवढंच म्हणाला.

इलदो म्हणजे गुमजाचा नवरा. त्याच्याकडे जायचं कोणी, हे सांगबे बोलला नाही. फिलसुन उठली. चार पावलांचं अंतर. जाताना तिला पक्कं ठाऊक होतं की खरं सांगितलं तर इलदो येणार नाही. वाईट स्वप्न पडलेल्याची जागा कुठलाच खाणवाला घेत नाही, सख्ख्या भावाचीसुद्धा. म्हणून तिनं दारातूनच गुमजाला सांगितलं, "मुकादमानं इलदोला बोलावलंय गं. माणूस कमी पडलाय."

गुमजानं आत जाऊन नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. तो कुरकुरला, पाच मिनिटं म्हणाला, पुन्हा गुरफटून झोपला. तिनं पुन्हा ओढलं. हे सगळं फिलसुनला दाराबाहेर ऐकू आलं. अकराच्या सुमाराला खालच्या बोगद्यात जुन्या खाणीतलं पाणी फुटलं. सात माणसं गेली. मुकादमही त्यांतच गेला, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं होतं हे सांगणाराही उरला नाही.

इलदोचं प्रेत पाचव्या दिवशी वर आलं. गुमजा जमिनीवर डोकं आपटत म्हणत होती, मी ओढलं पांघरूण, दोनदा ओढलं. फिलसुन तिला धरून बसली होती. बोलायची वेळ तीच होती. फिलसुनलाही ते कळत होतं. पण नवरा जिवंत होता, पोरं लहान होती, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. दुसऱ्या दिवशी बोलणं त्याहून अवघड झालं. वर्षभरानं तर अशक्यच.

त्या हिवाळ्यापासून गुमजानं अंगावर पांघरूण घेतलं नाही. ती जाड कोट घालून नुसत्या जमिनीवर झोपायची. लोक म्हणायचे, बाई जरा चक्रम झाली. फिलसुन दर वर्षी स्वतःच्या किमचीतला पहिला डबा तिला नेऊन द्यायची. लोक म्हणायचे, शेजारीण असावी तर अशी.

आणि सांगबे? तो एकोणीस वर्षं जगला. त्यांतली शेवटची सहा नाकात नळी घालून. मरायच्या आधी एका दुपारी फिलसुननं धीर करून इलदोचं नाव काढलं. सांगबेनं नळीतून दोन श्वास ओढले आणि म्हणाला, "त्याच्या दारात तू गेलीस. मी नुसतं स्वप्न बघितलं." नवऱ्याला तिनं स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली. त्या वेळी तिला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून होता.

नाताळाआधी एकदा, ईस्टरआधी एकदा. अडतीस वर्षं दर खेपेला ती चिठ्ठी घेऊन पापनिवेदनाला गेली, आणि दर खेपेला हे एक सोडून बाकीचं सांगून आली. मुद्दाम झाकलेलं पाप माफ होत नाही, हे ती लहान मुलांना धर्मशिक्षणात शिकवायची. वर त्याच तोंडानं ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, म्हणजे पापावर पाप. आगमनकाळ शांतीचा काळ आहे, मन रिकामं करा, असं वेदीवरून सांगितलं जायचं तेव्हा ती मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, ताई प्रार्थनेत आहे.

या वर्षी मात्र तिला नवीन भीती लागली होती. गुमजाचे ओठ निळे पडत होते. हिवाळ्यात ती गेली तर तिला आंघोळ घालायला फिलसुनलाच जावं लागणार. न सांगता, खोटं पोटात ठेवून, त्या बाईचं अंग धुवायचं. फिलसुननं शेकडो प्रेतं धुतली होती, पण हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिला कळून चुकलं होतं. सांगायचं तर जिवंतपणी सांगायला हवं. निदान देवाला तरी आधी.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी पापनिवेदन होतं. गर्दीसाठी शेजारच्या गावांतून तीन फादर आले होते. फिलसुन रांगेत उभी राहून मनातल्या मनात ते एक वाक्य घोळवत होती. तिची पाळी आली ती एका परक्या, सर्दी झालेल्या फादरकडे. जाळीपलीकडून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

"कोबीवरून सुनेला बोलले," ती म्हणाली. "सकाळची प्रार्थना चार-पाचदा चुकली. मेलेल्या नवऱ्याबद्दल मनात राग आहे."

"आणखी?"

मागे कोणीतरी खोकलं.

"आणखी... नाही काही."

बाहेर आली तेव्हा ती स्वतःवर इतकी चिडली होती की खिशात हात घालून जी चिठ्ठी बोटांना लागली ती तिनं पेटीत कोंबली. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात लोकरी मोजे, आणि खिशात चिठ्ठ्या दोन.

पुढच्या सोमवारी दुपारी तिनं भिंतीवरून पाहिलं तर नवा फादर, बार्थोलोम्यू, संत्र्यांची पेटी छातीशी धरून गुमजाच्या दारात उभा होता. चोराच्या मनात चांदणं. आपण न सांगताच याला सगळं कळलं, असं क्षणभर तिला वाटलं. दहा मिनिटांनी फादर बाहेर आला. चेहरा गोंधळलेला, पेटी परत हातात. आणखी पाच मिनिटांनी फिलसुनचं दार धाडकन सरकलं.

गुमजा धापा टाकत आत आली. कोट, मफलर, पायात मोजेही नाहीत.

"ताई, तू माझ्या नावानं पापं सांगून आलीस?"

"मी? कोण म्हणालं?"

"तो पोरगा म्हणाला. हात धरले माझे. म्हणे, वेरोनिका, अडतीस वर्षांनी परत आलात, स्वर्गात आनंद झाला असेल. तुमची चिठ्ठी पेटीत मिळाली म्हणे. माझी चिठ्ठी कोणाकडे होती?"

फिलसुननं खिसा चाचपला. उरलेली चिठ्ठी बाहेर काढून डोळ्यांजवळ धरली. आगाथा. तिचं स्वतःचं नाव.

"चुकून पडली गं. अदलाबदल झाली."

"अदलाबदल झाली," गुमजा म्हणाली आणि जमिनीवर बसली. छातीवर हात ठेवला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. "आणि काय सांगितलंस गं तू आत? माझ्या नावावर कुठलं पाप खपवलंस?"

"सुनेला बोलले, ते."

"सुनेला बोललीस." गुमजा हसली, पण डोळ्यांना पाणी आलं. "अडतीस वर्षं मी देवाच्या समोर उभी राहिले नाही. का, तर माझं पाप तोंडातून निघत नाही. आणि तू माझ्या चिठ्ठीवर सुनेचं भांडण टाकून आलीस. त्या वहीत आता काय झालं? वेरोनिकाचं पाप फिटलं, एवढंसं होतं ते. माणूस मारला मी, ताई. माझ्या हातांनी पांघरूण ओढून. त्याला जायचं नव्हतं."

"तुझं नाहीये ते."

"मग कोणाचं? त्या पांघरुणाचं?"

"माझं," फिलसुन म्हणाली.

ते एक वाक्य निघालं आणि मग बाकीचं आपोआप निघत गेलं, एखादी भिजलेली गाठ सुटावी तसं. स्वप्न, बूट, बदली माणूस, दारातून सांगितलेलं खोटं. तिनं सांगबेवर काही ढकललं नाही. चुलीवर किटली उकळत होती. फिलसुनला ती उतरवायचं सुचलं नाही.

"स्वप्नात त्यानं भात खाल्ला होता का?" गुमजानं विचारलं.

"नाही. पाटावर बसला होता फक्त."

"मुकादमानं बोलावलंय, असं म्हणालीस तू. मला आठवतं. शाल डोक्यावर घेतली होतीस."

"हो."

"स्वप्नाचं कळलं असतं तर इलदो गेला नसता."

"नसता गेला. म्हणून नाही सांगितलं."

गुमजानं मान हलवली. तिचा चेहरा असा झाला होता की फिलसुनला वाटलं, आता ही इथेच कोसळणार. पण ती कोसळली नाही. भिंतीला धरून उठली.

"तुझी किमची खाल्ली मी. अडतीस वर्षं. माझ्यापेक्षा चांगली होते तुझी, असं गावभर सांगितलं."

"गुमजा, मला..."

"नको. ऐकून घे. मी मेले की त्या बाकीच्या बायका येऊ देत. तू यायचं नाहीस. माझ्या अंगाला हात लावायचा नाहीस." दाराशी जाऊन ती थांबली, पाठमोरीच. "एवढं ऐकायला मला म्हातारी व्हावं लागलं. तिशीत सांगितलं असतंस तर मी झोपले असते गं."

दार तिनं हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात फिलसुनच्या घशाखाली घास उतरला नाही. सून फोनवर म्हणाली, दवाखान्यात जा. शनिवारी ती फादर बार्थोलोम्यूकडे गेली, चिठ्ठीबिठ्ठी न घेता, आणि सगळं सांगितलं. जाळीमागून त्यानं पापक्षमेचे शब्द उच्चारले.

"आता मन शांत होईल का, फादर?"

"माफी मिळाली, हे मी सांगू शकतो, आगाथाताई," तो म्हणाला. "शांतीचं मला सांगता येत नाही. मी बत्तीस वर्षांचा आहे."

खोटा दिलासा त्यानं दिला नाही, त्याबद्दल तिला तो आवडला.

चौथ्या रविवारी बाहेर उणे चौदा होतं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायला पाच मिनिटं असताना दार उघडलं आणि गुमजा आत आली. केस विंचरलेले, डोक्यावर जुना पिवळट पडलेला मिस्सेचा पांढरा रुमाल, अडतीस वर्षं पेटीत घडी घातलेला. बाकांमधून कुजबूज गेली. सेसिलियानं छातीवर क्रुसाची खूण केली. आदल्या संध्याकाळी गुमजा फादरकडे येऊन गेली होती, हे नंतर कळलं. आत तिनं काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही, पण बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि तिथेच बसल्याबसल्या झोपली. तासभर. सेसिलियानं अंगावर शाल घातली, ती तिनं काढली नाही.

ती फिलसुनच्या पुढच्या रांगेत बसली होती. दुसरीकडे जागा नव्हती.

शांती देण्याची वेळ आली. सगळे एकमेकांकडे वळून वाकू लागले, तुम्हाला शांती लाभो, तुम्हाला शांती लाभो. गुमजानं डावीकडे वाकून म्हटलं, उजवीकडे वाकून म्हटलं. मग ती मागे वळली. फिलसुनच्या एका बाजूच्या म्हाताऱ्याला तिनं वाकून शांती दिली. दुसऱ्या बाजूच्या बाईला दिली. मधे फिलसुनसमोर तिची मान ताठ राहिली. तिनं नजर चुकवली नाही. नीट, पूर्ण बघितलं आणि पुढे वळली. फिलसुन तरीही वाकली, वाकता येईल तेवढी. गुडघे दुखेपर्यंत तशीच राहिली.

प्रसाद घेऊन गुमजा परतली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. ओठ निळेच होते. फार दिवस नाहीत, हे फिलसुनच्या अनुभवी डोळ्यांना दिसलं. आणि ही बाई झोपेतच जाणार, हेही दिसलं.

मिस्सेनंतर तळघरात गरम शेवयांचं जेवण होतं. सेसिलिया डाव घेऊन वाढत होती. फिलसुनचा वाडगा भरताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "वेरोनिकाताईनं तुम्हाला पाहिलं नसेल हो. मनाला लावून घेऊ नका. इतक्या वर्षांची शेजारीण तुमची."

अशा वेळी काय म्हणायचं ते फिलसुनला तोंडपाठ होतं. हो गं, म्हातारपण, दिसत नाही तिला. रांगेत मागे सहा-सात जणी उभ्या होत्या, सगळ्या ऐकत होत्या.

"पाहिलं," फिलसुन म्हणाली. "नीट पाहिलं. तिचा इलदो माझ्या खोट्यामुळे गेला. मुकादमानं बोलावलं नव्हतं त्याला. मी बोलावलं, माझ्या नवऱ्याच्या जागी. हे तिला सोमवारी सांगितलं."

सेसिलियाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"भर ना पुढे," फिलसुन म्हणाली. "गार होतंय."

ती वाडगा घेऊन लांब बाकावर जाऊन बसली. त्या बाकावर नेहमी सहा जणी दाटीवाटीनं बसत. त्या दिवशी तिच्याजवळ कोणी आलं नाही. तिनं डोकं खाली घालून खायला सुरुवात केली. आठवडाभरात तिला पहिल्यांदा भूक लागली होती, आणि तिनं वाडगा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.